कोनाड्यातला गडवा

“पाहुणा नाई, घुण लागला मधल्या खोलीले!” गोकुळाबाई पलीकडे पुटपुटली. तिच्या-माझ्या घरात एकच कुडाची भिंत, बांबू आणि मातीची. पुटपुटणं कसलं, उसासाही आरपार येतो.

आमची दोन्ही घरं म्हणजे चांद्याहून सिरोंच्याला जाणाऱ्या गाड्यांची जुनी सराय. सागाचे खांब, सागाच्याच तुळया, खाचेत खाच बसवलेली. खिळा शोधून सापडायचा नाही. वाटणीत आमच्याकडे बैलांची पडवी आली, तीन बाजूंनी उघडी. गोकुळाकडे सरायवाल्याची मधली खोली. अख्ख्या सरायीत दार लावता येईल अशी तेवढीच. आणि तिच्यात नीळकंठराव.

पुण्याहून सरायीचा अभ्यास करायला आले होते, एका रात्रीसाठी. तेव्हा बांधीत धान उभं होतं. आता तणसाचा ढीगही बैलांनी अर्धा केला.

गोकुळाची लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला येणार होती. पौषातली थंडी, दाराची खोली हवीच. पण उतारूला “जा” म्हणायचं नाही, ही गोकुळाच्या नवऱ्याच्या, बापूजींच्या घराण्याची ऐट. सराय मोडली, ऐट शाबूत राहिली. सागाचीच असावी.

जुन्या लोकांनी त्यावर तोड काढून ठेवली होती. दाराच्या खांबात एक कोनाडा कोरला आहे. उतारूचा मुक्काम लांबला, की पहाटे त्यात पाण्याने भरलेला गडवा ठेवायचा. गाडीवान तो बघून मुकाट्याने बैल जुंपायचा.

बापूजींनी गडवा ठेवला. नीळकंठरावांनी खळखळून चूळ भरली, “काय हे आतिथ्य!” म्हणाले आणि कोनाड्याचं चित्र काढलं, गडव्यासकट. पुढे एकदा गडवा ठेवायचा राहिला, तर मागून घेतला.

“तोंडानं सांगा न जी,” गोकुळा म्हणाली.

बापूजी आत गेले, बऱ्याच वेळाने बाहेर आले.

“सांगतलं?”

“तुळईचं बोललो. लई माहिती हाय माणसाले.”

मग गोकुळा गेली. भात वाढून आली. शेवटी मला पाठवलं, माझी जीभ तिखट म्हणून. मी त्यांच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण शिवून देऊन आले.

अशात वच्छलाची गाडी दारात लागली. एक हात कमरेवर, एक खांबावर, अशी ती उतरली. गाडीच्या हिसक्यांनी तोंड पांढरंफटक पडलेलं. नीळकंठराव हातात फीत घेऊन बाहेर आले.

“ताई, जरा हात काढता का? खांब मोजायचा आहे.” आणि आम्हा सगळ्यांकडे वळून, “या रचनेतली खुबी बघा. बंद खोली सरायवाल्याच्या बायकामुलांची. उतारूंनी बाहेर पडवीत झोपायचं, उजाडलं की वाटेला लागायचं. किती स्वच्छ विचार!”

गोकुळा माझ्याकडे बघत होती. मी बापूजींकडे. बापूजी वर.

“तुळई मात्र पक्की हाय,” ते म्हणाले.

वच्छलाने दात आवळले. कोनाड्यातला गडवा काढून नीळकंठरावांच्या हातात दिला.

“भाऊ, मले कळा येऊन राह्यल्या. तुमी जा आता.”