डावा पीळ

जळालेल्या इमारतींमधले धातू आमच्या प्रयोगशाळेत जाड कागदी पिशव्यांतून येतात. लोखंडावर निळसर-काळे पापुद्रे चढलेले असतात. जस्त पांढऱ्या भुकटीच्या रूपाने मागे उरते. ॲल्युमिनियम सर्वांआधी धीर सोडते आणि वाट मिळेल तिकडे ओघळते. तांबे मात्र चिवट असते. ते काळवंडते, मऊ पडते, पण सहसा वितळत नाही. म्हणूनच वितळलेली तांब्याची तार सापडली, की पहिले बोट वायरमनकडे वळते. जोड ढिला राहिला असणार, ठिणगी उडाली असणार.

त्या दिवशी मी पिशवी उघडली आणि चिमट्यातली तार हवेतच धरून उभा राहिलो. दोन तारांचा तो जोड होता, अर्धा वितळून गेलेला. उरलेल्या अर्ध्याचा पीळ उलटा होता, डावीकडे वळत गेलेला. असा पीळ घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. माझे वडील डावखुरे आहेत.

पिशवी ज्या जळालेल्या इमारतीतून आली होती, त्या कचेऱ्यांच्या उंच इमारतीची वायरिंग तेच सांभाळत. आगीत तिथला पहारेकरी गेला. तो वडिलांचा मित्र होता. दुपारचा चहा दोघे जिन्याखाली बसून घेत. चौकशीला आलेल्या माणसांपुढे वडिलांनी स्वतःची बाजू मांडलीच नाही. माझाच जोड असेल, एवढेच ते म्हणाले. त्या दिवसापासून ते प्रत्येक काम उजव्या हाताने करू लागले. जेवताना घास सांडत. आई आधी बोलायची, मग तिने बोलणे सोडून मुकाट्याने टेबल पुसणे धरले.

आमच्या विभागप्रमुख बाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी माझ्या हातातून चिमटा काढून घेतला.

"आता याला तुझा हात नको. उद्या खरं निघालं तरी लोक म्हणतील, पोराने बापाला वाचवलं."

नमुना त्यांनी स्वतःच तपासणीसाठी राळेच्या वडीत घट्ट बसवला, कापला, घासून आरशासारखा केला. मी शेजारच्या टेबलावर धुतलेल्या काचेच्या बशा पुन्हा धूत राहिलो. आपण घाबरलो आहोत का, हे मी स्वतःला विचारून पाहिले. मग त्याच बशा पुसायला घेतल्या.

"ये," बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या. "बघायला बंदी नाही. बोलायला आहे."

सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याचा तांबूस प्रदेश पसरला होता. वितळलेल्या कडेशी मात्र तो रुपेरी, पिवळट होत गेला होता. ठिणगीने वितळलेले तांबे तांबडेच राहते, त्याचा गोल मणी बनतो आणि वितळलेल्या-न वितळलेल्यामधली सीमा रेघ ओढल्यासारखी स्पष्ट असते. इथे मणीही नव्हता, रेघही नव्हती. छताच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आगीत वितळून जोडावर ठिबकल्या होत्या. हे दोन धातू एकमेकांत मिसळले, की तांबे एकटे ज्या आचेला दाद देत नाही, तिच्या जवळजवळ निम्म्या आचेत ते मिश्रण पाघळते. जोडाने आग लावली नव्हती. आगीने जोड खाल्ला होता.

"सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते असं," बाई म्हणाल्या. मग खुर्ची मागे सारत त्यांनी पुस्ती जोडली, की ही तार फक्त स्वतःपुरती साक्ष देते. आग कुठे लागली, हे तिला विचारून उपयोग नाही.

पिशवी मी उघडली होती, म्हणून बाईंनी उरलेला तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथूनही तेच उत्तर आले. अहवाल रवाना झाल्यावर त्यांनी मला घरी सांगायची मोकळीक दिली.

वडील जेवत होते. मी ॲल्युमिनियमचे सांगितले, मिश्रणाचे सांगितले. परक्याच्या घरची बातमी ऐकावी तसे ते ऐकत होते.

"म्हणजे जोड घट्ट होता?"

"घट्ट होता, बाबा."

"जिन्याखाली चहा घेताना तो म्हणायचा, तुझा जोड यमालासुद्धा सुटायचा नाही." त्यांनी हातातला घास ताटाच्या कडेला सारला. "मग आग कशाने लागली?"

"ते कळलं नाही."

"म्हणजे तो कशाने गेला, तेही नाही."

मी मान हलवली. तो जोड परत मिळतो का, असे त्यांनी विचारले. तपासण्यासाठी कापावा लागला, असे मी सांगितले. तेही त्यांना पटल्यासारखे दिसले.

आई उठली. तिने त्यांच्या उजव्या हातातला चमचा अलगद काढून घेतला आणि ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला. वडिलांचा डावा हात मांडीवर होता. त्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, जणू पाहुणा दाराशी येऊन थांबला आहे आणि त्याला आत घ्यावे की नाही, हे ठरत नाही.

"उद्या," ते म्हणाले, आणि ताटावरून हात नेऊन उजव्या हातानेच त्यांनी चमचा उचलला.