स्वतःच्याच स्क्रॅपबुकात

"ताई, अगं हे तू कुठं टाकलंस!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सायबर कॅफेतली सगळी डोकी आमच्याकडे वळली.

शनिवारची दुपार. दिघाशीहून आम्ही दोघीच भिवंडीत आलो होतो. मी नववीतली, आणि माझी चुलतबहीण उन्नतीताई, एफवाय बीकॉमची. ऑर्कुटवर ताईचे बासष्ट मित्र! कुणाला ताप येवो, कुणाचं भांडण होवो, धीर द्यायला ताई पहिली. इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं. तिच्या स्वतःच्या स्क्रॅपबुकात, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या निरोपांच्या पानावर, मात्र गणपतीपासून कुणी फिरकलं नव्हतं.

काल सहामाहीचा निकाल लागला. तिच्या वर्गातली निशा दोन विषयांत नापास, ताई तीनांत. हे घरी ठाऊक नव्हतं. येताना रिक्षात ताई म्हणाली होती, "मठ्ठ हाय मी. सोमवारपासून कालेज बंद."

आणि आता निशाला काय लिहिलं होतं तिनं? 'अगं वेडे, एका परीक्षेनं कुणी मठ्ठ ठरत नाही. आज रडून घे, पोटभर जेव. सोमवारी ये, मी जागा धरते.'

फक्त निशाच्या पानावर जायचंच राहिलं. मजकूर ताईच्याच स्क्रॅपबुकात, बाजूला ताईचाच फोटो! खाली वर्गातल्या हितेशनं लगेच खरडलं: 'स्वतःलाच स्क्रॅप? आता फ्रेंड रिक्वेस्टपण पाठव!'

मला हसू आवरेना. माउस माझ्याच हातात होता. "पुसू?"

"थांब." दुसऱ्याचं पत्र वाचावं तसं ती ओठ हलवत वाचत होती. शेजारच्या गाळ्यात कापड विणायचे लूम खडखडत होते. "ह्ये मी लिवलंय?"

"मग कोन? तुझंच थोबाड हाय बाजूला."

ती हसली नाही. पुसूही दिलं नाही. निशाच्या पानावर जाऊन तिनं तेच, अक्षरन् अक्षर, पुन्हा टाइप केलं. आमचा तास संपेपर्यंत उत्तर आलं नाही.

सोमवारी शाळेला निघाले तर ताई माझ्याआधी नाक्यावर! वेणी घट्ट, दप्तर छातीशी. मी लांबूनच हात हलवला.

संध्याकाळी धावतच तिच्याकडे गेले. "निशा आलती?"

"न्हाय."

"तुझ्याशी कोन बोललं?"

"कोन न्हाय."

"मग जागा?"

"धरलीवती की," ताई म्हणाली. शेजारी दप्तर ठेवून ती पाचही तास बसली होती.