मुलीच्या नावाने विचारलेला प्रश्न

“बाबा, बाई मला कॅमेरा लावायला सांगतायत.” माइक बंद होता, तरी मुलगी कुजबुजली. “तो फिरणाऱ्या चित्राचा प्रश्न मी विचारला म्हणे. मी कधी विचारला?”

प्रोग्रामर दारातच थांबला.

नव्या कामात त्याला पडद्यावर क्रेनचं चित्र फिरवायचं होतं. फिरवलं की क्रेन चेपत जाई. ‘प्रोग्रामरसाठी गणित’ असं शोधून त्याने कितीतरी संकेतस्थळं पालथी घातली. सगळीकडे सुरुवातच ‘हे तुम्हाला येतंच’ अशा थाटात, आणि नेमकं तेच त्याला येत नव्हतं. शेवटी मुलीच्या ऑनलाइन शिकवणीतले धडे तेवढे डोक्यात शिरले. एका धड्याखाली त्याने प्रश्न टाकला. खातं मुलीचं आहे हे ठाऊक असूनच. ‘शाब्बास बाळा,’ असं बाईंचं उत्तर आलं तेव्हा त्याला हसू आलं होतं. बरंही वाटलं होतं.

“सगळ्यांना समजावून सांग म्हणतायत,” मुलगी म्हणाली. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कुठूनतरी उतरवलं असं वाटेल त्यांना.”

“नेट गेलं म्हणून सांग.”

ती खुर्चीतून उठली. परवाच भूमितीच्या गुणांवरून त्याने तिला फैलावर घेतलं होतं. घरात कॉम्प्युटरवाला बाप असून ही गत, म्हणाला होता.

“म्हणजे प्रश्न तू टाकलास? तुला पण येत नाही?”

“नाही गं.”

“मग मला का ओरडलास?”

मान खाली घालून तो तिच्या खुर्चीत बसला आणि कॅमेरा लावला. पोरांच्या चेहऱ्यांमध्ये एक टक्कल उगवलं, मागे दोरीवर शाळेचा गणवेश.

“बाई, प्रश्न माझा होता. मी तिचा बाबा. तिला यातलं काही माहीत नव्हतं.”

पोरं फिदीफिदी हसली. “काका नापास झालेत वाटतं,” एक जण म्हणाला.

बाईंनी त्यांना हसू दिलं. मग म्हणाल्या, “झालं हसून? आता हा प्रश्न ज्याला आपणहून पडला होता, त्याने हात वर करा.”

एकही हात वर आला नाही.

“मग काका, तुम्हीच सांगा. कुठं अडलं?”

“अगदी पहिल्यापासून, बाई.”

“हरकत नाही. वर्तुळ काढा.”

मुलीने आपला कंपास पुढे सरकवला. पडद्यावर त्याच्या चौकटीखाली अजून तिचंच नाव दिसत होतं. त्याने ते खोडलं आणि स्वतःचं लिहिलं, आडनावासकट.