चिखल पोटात असताना

मी एक जुना अँप्लिफायर आहे. माझ्या पाठीवर हातोड्याचा खड्डा आहे, मित्रांनो. तो कसा पडला ते सांगतो.

नदीकाठच्या वस्तीत मी वीस वर्षं राबलो. पाणी चढू लागलं की घोषणावाले काका माइक हातात घेत आणि मी त्यांचा आवाज चार कर्ण्यांतून घराघरांत पोचवी. लोक म्हणत, "हा आहे म्हणून झोप लागते." मीही फुशारून जाई.

गेल्या पुरात पाणी भिंत फोडून आत घुसलं. त्याने मला फळीवरून खेचलं, दारावर आपटलं आणि माझ्या पोटात चिखल कोंबला. काकांची घोषणा अर्धीच राहिली. खालच्या आळीतल्या सुताराचं घर वाहून गेलं, घरासोबत त्याची आईही.

पाणी ओसरताच सुताराने काकांना भररस्त्यात गाठलं. "गप्प का बसलास?" असं ओरडत त्याने काकांचे समोरचे दोन दात पाडले. काकांनी उलट हात उगारला नाही. घरी येऊन त्यांनी मला बाहेरून लख्ख पुसलं आणि "चालतोय का बघू" म्हणत वीज लावली. सगळे हीच चूक करतात. आतला चिखल ओलाच होता. धाडकन आवाज झाला, ठिणग्या उडाल्या आणि काका भिंतीवर आदळले. उठले ते हातोडा घेऊनच.

"मेल्या, तुझ्यापायी गेली ती म्हातारी!"

पहिला घाव माझ्या पाठीत बसला. दुसरा घालणार तोच त्यांच्या धाकट्या बहिणीने हातोडा हिसकावला. ती रेडिओ दुरुस्त करायची. तिने माझा जळका ट्रान्सफॉर्मर उपटून काढला आणि मला बॅटरीत घालतात त्या शुद्ध, क्षार नसलेल्या पाण्याच्या टबात बुडवलं. ते पाहून काकांनी तिचा दंड पिरगाळला.

"अगं, बुडालेल्यालाच परत बुडवतेस?"

"सोड, दादा! चिखल आत सुकला तर तारा खाऊन टाकेल. आधी धुवायचं, मग आठ दिवस वाळवायचं. तोवर विजेला हात लावशील तर बघ!"

तिने दात घासायच्या ब्रशने माझा कण न् कण घासला. मला फार दुखलं. आठ दिवस मी पंख्यासमोर उघडा पडलो होतो. मग तिने नवा ट्रान्सफॉर्मर बसवला.

नवव्या दिवशी नदी पुन्हा चवताळली. काकांनी बटण दाबलं. मी बोललो! दात नसल्यामुळे काकांचे शब्द फुसफुसत होते, पण घरोघरी पोचले. खालची आळी रिकामी झाली आणि मगच पाण्याने ती झोडपली. या वेळी एकही माणूस गेलं नाही.

दोन दिवसांनी सुतार दारात उभा राहिला. त्याच्या काखेत नवी फळी होती.

"पुराच्या खुणेच्या वर लावतो," तो खाली मान घालून म्हणाला. "हातोडा आहे का?"

काकांनी त्याला तोच हातोडा दिला.

मित्रांनो, मी आता त्या फळीवर असतो. भिजलेल्या यंत्राला घाईने वीज लावू नका. आणि एखादा ऐन वेळी गप्प झाला, तर घाव घालण्याआधी त्याच्या पोटात काय साचलंय ते उघडून बघा.