दिवाण हलला आणि हॉल घुमला

हे सांगून कुणाला पटायचं नाही. रहाटणीत, एका तिसऱ्या मजल्यावर असा एक हॉल आहे, की तिथं दत्तोबा दिवाणावर बसलेले असतील तरच गाणं गाण्यासारखं वाजतं. ते उठले की त्याचा पत्र्याचा डबा होतो. नाही ना पटलं? दत्तोबांचंही काही अडलेलं नाही. पटेल अशी गोष्ट त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला सांगितली नव्हती. पटण्यासारखं सांगायला काय, कुणीही सांगतं.

माणूस मूळचा भूमकडचा, पण चाळीस वर्षं भोसरीत लेथवर काढलेली. मशीनचं बेअरिंग खराब झालंय का, हे बघायला साहेब लोक मीटर घेऊन यायचे. दत्तोबा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि सांगायचे, "आठ दिवस चालंल. मग बोंबलंल." आठव्या दिवशी ते बोंबलायचं. निदान दत्तोबांच्या सांगण्यात तरी बोंबलायचंच. भोसरीत गुरुवारी लाइट बंद, म्हणून मशीन बंद, म्हणून कामगारांना सुट्टी. त्यामुळे दत्तोबांच्या आयुष्यात जे काही घडलं ते गुरुवारी घडलं. बाकीच्या वारी त्यांना घडवायला सवड नव्हती. बिबट्याला टॉवेल दाखवून पळवला तो गुरुवारी. आळंदीला इंद्रायणीच्या पुरातून म्हशीच्या शेपटीला धरून पलीकडं गेले तेही गुरुवारीच.

आता त्या दिवाणाविषयी. कारखान्यात परदेशातून मशीन आलं होतं, त्याच्या खोक्याच्या जाड फळ्यांचा तो केलेला. चौघांनी उचलला तर उचलला जातो, तिघांनी उचलला तर तिघं दवाखान्यात. खाली पेटी, आणि पेटीत त्यांच्या बायकोनं, सुमनताईंनी, हयात असेपर्यंत शिवलेल्या अकरा गोधड्या ठासून भरलेल्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येताना दत्तोबांनी एवढंच आणलं. हॉलच्या मागच्या भिंतीला, खिडकीपाशी तो लावला आणि वर स्वतः बसले. तिथून दार दिसतं, रस्ता दिसतो, स्वयंपाकघरात काय चाललंय त्याचा वास येतो. घरात आपण आहोत हे लोकांना कळायला माणसाला एवढी एक जागा पुरते.

ती जागा जायची वेळ आली ती मुलाच्या कानांमुळे.

मुलगा गणराज चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मानण्याचा तो पगार घेतो. त्याने कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणि एक काळा ॲम्प्लिफायर आणला. ते बसवायला दुकानातून सार्थक नावाचा तज्ज्ञ आला. हनुवटीवर दाढीची बारीक रेघ, पायात मोजे. जागा विकत घ्यायला आल्यासारखा तो हॉलभर फिरला. मधेच थांबून टाळी वाजवायचा, मान वाकडी करून ऐकायचा आणि "हंऽऽ" म्हणायचा.

"आरती हाय का?" दत्तोबांनी दिवाणावरून विचारलं.

"रूमचा रिस्पॉन्स बघतोय, काका."

"मंग? दिला का रिस्पॉन्स? मी हितं सात वर्षं बसलोय, मला तर कुणी देत न्हाई."

सार्थकने ते मनावर घेतलं नाही. मनावर घ्यायला आत काहीतरी जागा लागते, असं दत्तोबांचं निदान. स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढे हवेत, दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं यांचा त्रिकोण व्हायला हवा, आणि हॉल मोकळा हवा, असं त्याने गणराजला सांगितलं. पहिल्या दोन गोष्टी ठीक होत्या. तिसरी दुकानातल्या चकचकीत फोटोत बघून आलेली होती. पण गणराजने तिन्ही वहीत लिहून घेतल्या आणि मोकळं करायचा सपाटा लावला.

सोफा गेला. गालिचा गेला. जाड पडदे गेले, तिथं उभ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. पद्मा, म्हणजे त्याची बायको, काळेवाडीच्या शाळेत शिकवते. तिचं पुस्तकांनी आणि बक्षिसांच्या कपांनी भरलेलं शोकेस बेडरूममध्ये गेलं आणि येता-जाता तिच्याच गुडघ्याला लागू लागलं. उरला दिवाण. त्रिकोणाचं तिसरं टोक नेमकं त्याच्यावर येत होतं.

"आप्पा, इथे एक रेलायची खुर्ची, रिक्लायनर, येईल," गणराज म्हणाला. "तुम्हाला आतली छोटी खोली देऊ. शांतता आहे तिथे."

"शांतता मसणात बी हाय."

"आणि दिवाण पुढच्या रविवारी टेम्पोवाला घेऊन जाईल. भोसरीचा जुन्या फर्निचरवाला आहे. गोधड्यांचं बघू काहीतरी."

दत्तोबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. ते गप्प बसले की पद्माला काळजी वाटायची, कारण गप्प बसून ते पुढची थाप रचतात हे तिला माहीत होतं.

त्याच दिवशी चार हमालांनी दिवाण हॉलमधून काढून बाहेर लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत ठेवला. दत्तोबा मागोमाग गेले आणि त्यावर बसले. आठवडाभर जेवायला आणि झोपायला तेवढे घरात. बाकी वेळ लिफ्टसमोर दरबार. कुणी विचारलं, आजोबा बाहेर का, की सांगायचे, "आत त्रिकोण राहायला आलाय. लई मोठा मानूस. त्याला घर मोकळं लागतं." गुरुवारी तर लिफ्टच बंद. लोक जिने चढून धापा टाकत वर येत होते, पाच मिनिटं दिवाणावर टेकत होते आणि दत्तोबांची कैफियत ऐकून पुढच्या मजल्यावर नेत होते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं, की गणराजने बापाला बाहेर काढून आवाजाला घरात घेतलंय.

आणि आवाज? तो घरात आला आणि माजला. नुसत्या फरशा, नुसत्या भिंती, बाल्कनीचं काचेचं सरकतं दार. टेकायला कुठं मऊ जागाच नाही. गणराज रोज कंपनीतून आला की हौसेनं गाणं लावायचा आणि कपाळाला आठ्या घालून बसायचा. बाईचा आवाज पाण्याच्या टाकीत उतरून गात असल्यासारखा. तबल्याचा बायाँ एकदा वाजला की कोपऱ्यात जाऊन तीनदा घुमायचा. भांड्यांच्या रॅकमधली ताटली थरथरायची. स्पीकर त्याने चार बोटं पुढे घेतले, चार बोटं मागे घेतले, आणि हे सगळं मोजपट्टीने. बाहेर दिवाणावर दत्तोबांना भिंतीतून ते 'धुम्म' ऐकू यायचं आणि त्यांचा चेहरा लेकाच्या लग्नातही खुलला नव्हता तसा खुलायचा.

"बेअरिंग गेलंय," ते लिफ्टमधून उतरणाऱ्याला सांगायचे. "हॉलचं."

रविवार उजाडला. दहा वाजता सार्थक आला. या वेळी त्याच्याकडे लॅपटॉप आणि काठीवर लावलेला छोटा माइक होता. अकरा वाजता खाली टेम्पो येऊन उभा राहिला.

सार्थकने माइक हॉलच्या मध्यात ठेवला आणि स्पीकरमधून खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत एक शिट्टी सोडली. लॅपटॉपवर एक रेघ उमटली. रेघेला डावीकडे उंटासारखी मदार होती.

"बघा सर, हा बूम. लो फ्रिक्वेन्सीला, म्हणजे खालच्या सुरांना, रूम घुमतीये. कोपऱ्यात बेस ट्रॅप लागतील. फोमचे जाड खांब असतात, छतापर्यंत. आणि भिंतींना पॅनल."

"म्हंजी आधी घर रिकामं करायचं," दत्तोबा दारात उभे राहून म्हणाले, "आन् मंग त्यात इकत आनलेला कापूस भरायचा. मास्तर, तुमी शिकलाव कुठं हे?"

"काका, हे सायन्स आहे."

"आसंल ना. माझ्या दिवाणात अकरा सायन्स भरून ठेवल्यात. आत आना आन् लावा तुमची शिट्टी."

"आप्पा, प्लीज," गणराज म्हणाला. "टेम्पोवाला थांबलाय खाली."

"थांबू दे की! त्याची चार मानसं आल्यातच. खाली न्यायच्या आधी येकदा आत आनत्याल. तू क्वालिटीचा मानूस ना रं? मंग तपासल्याबिगर माल बाहेर कसा काढतोस?"

हे मात्र गणराजला लागलं. चाकणला हेच वाक्य तो रोज दुसऱ्यांना ऐकवत असे. त्याने टेम्पोच्या माणसांना हाक मारली. चौघांनी कुंथत दिवाण आत आणला आणि मागच्या भिंतीला, होता तिथं टेकवला. पद्मा स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि कुणी न सांगताच आतून जुने पडदे आणून तिने खिडकीला अडकवले.

सार्थकने पुन्हा शिट्टी सोडली. रेघ उमटली. उंटाची मदार निम्म्यावर बसली होती.

"माइक हलला असेल," सार्थक म्हणाला. त्याने पुन्हा मोजलं. मदार होती तिथंच बसलेली. "ॲक्च्युअली, काय झालंय, ते आतलं कापड ॲब्सॉर्ब करतंय. जाड आहे ना. भिंतीला पण लागलंय."

"आँ?" दत्तोबांनी कानाला हात लावला. "जरा मोठ्यानं सांगा. हितं आता आवाज घुमत न्हाई ना, त्यामुळं ऐकू येत न्हाई."

गणराजने गाणं लावलं. बाई टाकीतून बाहेर आली होती. बायाँ वाजला की वाजून थांबत होता. रॅकमधली ताटली गप्प. गणराज एकदा लॅपटॉपकडे बघत होता, एकदा बापाकडे, आणि बाप बरोबर आहे हे पटवून घ्यायला त्याला लॅपटॉपच बरा वाटला. तो बाल्कनीत गेला आणि टेम्पोवाल्याला वरून ओरडून म्हणाला, "जा भाऊ, कॅन्सल!"

"आता माझ्या शोकेसचं पण रीडिंग घ्या," पद्मा म्हणाली. "माझ्या गुडघ्याचं मी घेतलंय."

इथं सगळं मिटायला हरकत नव्हती. दिवाण राहिला होता. दत्तोबा त्यावर मांडी घालून, मधोमध, दोन्ही स्पीकरकडे तोंड करून बसले होते. पण गणराज हातात मोजपट्टी घेऊन पुन्हा आला.

"आप्पा, दिवाण राहू दे. पण त्रिकोणाचं टोक तुम्ही बसलाय तिथेच येतं. संध्याकाळी मी आलो की दोन तास तुम्ही आत बसत जा. छोट्या खोलीत."

म्हणजे लाकूड घरात आणि माणूस बाहेर. अकरा गोधड्यांची गरज सिद्ध झाली होती, बाराव्याची नाही. दत्तोबांनी पायाची घडी घट्ट केली.

"पटायचं न्हाई तुला," ते म्हणाले, "पर मी उठलो तर हे समदं पुन्यांदा घुमंल."

"तुमच्या उठण्याने काय होणार?"

"मी करून बघितलंय. तुमी समदे कामाला गेला व्हता. मी बाहेरनं दिवाण आत घेतला."

"एकट्याने?" सार्थक हसला. "चार माणसं लागली आत्ता."

"ती मानसं हायती व्हय? खालून पहार घातली, दोन पाइप सरकवले, गडगडत आनला. टनाटनाची मशीनं हलवली आमी तशी. तुमच्या दुकानात शिकवत न्हाईत का?"

सार्थकचं हसू ओसरलं. पाइपवरून वजन सरकवतात हे गणराजलाही माहीत होतं. तो मोजपट्टी गुंडाळू लागला. दत्तोबांच्या अंगात आलं.

"लावलं गानं. बसलो हितं मधोमध. काय आवाज राव! तबलजीनं तंबाकू मळली ती ऐकू आली. चुना जरा जास्त झाला व्हता, ते बी कळलं. मंग उठून बाजूला झालो, तर लगीच धुम्म! पुन्यांदा बसलो, गप्प. म्हनलं, वजनाचा खेळ आसंल. माझ्या जागी तांदळाचं पोतं ठिवलं. तर बाई गाती की रेशनच्या रांगेत भांडती, कळंना. पोतं काढलं, मी बसलो, बाई परत सुरात. मानसाच्या हाडाला आवाज वळखीचा लागतो, मास्तर. चाळीस वर्षं मशीन ऐकलेलं हाड लागतं. तसलं इकत मिळत आसंल तर आना जावा."

सार्थकने लॅपटॉपवरून मान वर केली. "काका, शरीर पण थोडं ॲब्सॉर्ब करतं, हे खरं आहे..."

"थोडं? आरं, मला पुरं मोजायला तुझी काठी पुरायची न्हाई!"

गणराजने माइककडे बघितलं, मग बापाकडे. रीडिंग घ्यावं का, असा विचार त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "कधी केलंत हे सगळं, आप्पा?"

"कधी म्हंजी? बेस्तरवारी. भर दुपारी."

पद्माने चहाचा ट्रे खाली ठेवला.

"मामंजी, गुरुवारी दहा ते पाच अख्ख्या रहाटणीत लाइट नव्हती. तुमच्या शेजारी या दिवाणावर टेकूनच मी जिन्याचा दम घेतला. गाणं काय गोधड्यांवर वाजवलंत? सरका तिकडं जरा, यांना पण बसू द्या."