माकोची पाठ

शार्कवरचं पुस्तक तपासणीच्या टेबलावर उघडलं की त्यातला शार्क खोलीत यायचा, आणि जेवढं मोठ्यानं वाचून होईल तेवढं त्याला पुस्तकाबरहुकूम वागावं लागायचं. हेमाबाई कुबलांना हे नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पदर खोचला.

मुलांसाठी माहितीची पुस्तकं काढणाऱ्या त्या छोट्या प्रकाशनाचं कार्यालय मालवणात, बाजाराच्या मागे, दुसऱ्या माळ्यावर होतं. अकरा वर्षांत हेमाबाईंच्या हाताखालून एकही चुकीचा शार्क छापायला गेला नाही. हे काही येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. एका लेखकमहाशयांनी शार्कला हाडं असतात असं ठोकून दिलं होतं. तो शार्क आला तोच धपकन खाली, आणि चार लाद्या फुटल्या. हेमाबाईंनी 'हाडं' खोडून 'कूर्चा' लिहिलं, 'म्हणजे आपल्या नाकाचा शेंडा असतो तसली' अशी मुलांसाठी पुस्ती जोडली, तसा तो अलगद वर उचलला गेला. दुसऱ्या एका पुस्तकात 'माणूस दिसताच तुटून पडतो' असं होतं. त्या बिचाऱ्यानं नाइलाजानं व्यवस्थापक रेग्यांची बाही धरली. हेमाबाईंनी मध्ये 'क्वचित' घातलं. त्यानं बाही सोडली, कपाटाखाली जाऊन बसला आणि दुपारपर्यंत कुणाकडे वर बघितलं नाही.

"तुम्हाला हे सगळं कळतं कसं?" रेगे दर वेळी विचारत.

"नऊ वर्सांची असल्यापासून मोरी कापतंय मी," हेमाबाई सांगत. त्या किनाऱ्यावर शार्कला मोरी म्हणतात.

खोटं नव्हतं ते. आई बंदरावर मासे विकायची आणि कापायचं काम हेमाबाईंकडे असायचं. मोरीचं काळीज केवढं, पोटात पिल्लं किती, दातांच्या रांगा कशा, सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. त्यांची रीत ठरलेली होती. वाक्य मोठ्यानं वाचायचं, शार्कच्या अंगावरून तळवा डोक्याकडून शेपटीकडे न्यायचा, मग उलटा आणायचा. सरळ गुळगुळीत, उलट खरखरीत. मगच लाल पेन्सिल. आणि डोळ्यांनी न पाहिलेलं काही लिहायचं नाही. लिहायचं म्हटलं तरी त्या खोलीत ते उमटतच नसे.

त्या दिवशी सकाळी माको आला, शार्कमधली सगळ्यात वेगवान जात.

एवढं बिनचूक पुस्तक हेमाबाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. तोंड मिटलं तरी दात बाहेर दिसतात, बरोबर. कल्ल्यांच्या फटी पाच, बरोबर. एकेका वाक्यासरशी माको भरत गेला. चित्रं अजून रंगवायची होती, म्हणून तोही काचेसारखा बिनरंगाचा होता. पण काय त्याची शेपटी, आणि काय ते वळणं! 'माको पोहायचा कधीच थांबत नाही,' हे वाचल्यावर तो थांबेना, आणि त्याला जागा पुरावी म्हणून खोली लांबत गेली. रेग्यांचं टेबल इतकं दूर गेलं की त्यांचा आवाज ऐकू येईना. हेमाबाई पेन्सिल हातात धरून दुपार कलेपर्यंत नुसत्या बघत राहिल्या. त्यांचा त्याच्यावर जीव जडला, सरळ सांगायचं तर.

शेवटच्या पानावर होतं, 'त्याची पाठ गर्द निळी असते.'

हेमाबाईंना हसू आलं. एवढं चांगलं लिहिणारा माणूस शेवटी घसरला म्हणायचा. पन्नास वर्षांत त्यांनी बंदरावर माको काय थोडे बघितले होते? अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाक्य मोठ्यानं न वाचता त्यांनी 'गर्द निळी' हे शब्द खोडले, वर 'करडी' लिहिलं आणि मग वाचलं. अक्षर ठसठशीत उमटलं.

माको करडा झाला. थेट बंदरावर असतो तसा. मग तो कुशीवर कलला, खाली आला आणि जबडा उघडा टाकून पडून राहिला.

त्याला आता जागा लागत नव्हती, म्हणून खोली आखडू लागली. रेगे टेबलासकट जवळ आले.

"झालं का?" त्यांनी विचारलं. "चारला छापखान्याचा माणूस येतोय. शिक्का मारतो."

"थांबा जरा."

"शिक्का पडला की बदल नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तुमचं चुकत नाही, तेही मला माहीत आहे."

हेमाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिक्का पडला असता तर प्रत्येक प्रतीत माको असाच पडून राहिला असता, आणि मुलांनी तोच बघितला असता. त्यांनी खोडलेले शब्द मोठ्यानं वाचून पाहिले. खोडलेलं लागू होत नसे. वर 'निळी' लिहून पाहिलं. पेन्सिल फिरली, कागद कोराच राहिला.

भिंत त्यांच्या खुर्चीला टेकली. खोली एवढी आखडली की दारापासून बंदरापर्यंतची वाटही आखडली, आणि दार उघडलं ते थेट बंदरावरच्या दादाच्या ओसरीवर. दादा म्हणजे हेमाबाईंचा थोरला भाऊ, जनार्दन पराडकर. चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट चालवलेला. तो जाळं शिवत बसला होता.

"दादा, ही मोरी बघ मां," हेमाबाई म्हणाल्या.

दादा उंबरा ओलांडून आत आला. वाकून बघितलं.

"मेलेली आसा," तो म्हणाला.

"रंग बरोबर आसा?"

"मेल्यावरचो बरोबर आसा."

"आणि जितीचो?"

"निळो. पाण्यात बघशीत तर डोळे दिपतत. वर काढली काय रंग जाता. बंदरार येयपर्यंत करडी होता."

"माका कधी सांगूक नाय तां," हेमाबाई म्हणाल्या.

"तू कधी विचारूक नाय. आणि तुका होडयेत कोण घेता?"

तेही खरंच होतं. बाईमाणसानं होडीत पाय ठेवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. आईनं ठेवला नाही, हेमाबाईंनीही नाही. जिता माको समुद्रात होता आणि त्या वाळूवर सुरी घेऊन उभ्या होत्या.

"चार वाजायला आले," रेगे भिंतीला पाठ लावून म्हणाले. शिक्का त्यांनी छातीशी धरला होता.

"तू लिव," हेमाबाईंनी पेन्सिल दादापुढे केली.

"माका लिवूक येता खंय?"

त्यांनी त्याच्या बोटांत पेन्सिल दिली आणि वरून आपला हात धरला. दादानं बघितलेलं आणि हेमाबाईंना लिहिता येणारं असे दोन्ही हात मिळून कागदावरून फिरले. 'करडी' खोडलं गेलं. 'गर्द निळी' उमटलं, वाकडंतिकडं, पण लालभडक. हेमाबाईंनी वाक्य मोठ्यानं वाचलं. एकही शब्द न गाळता.

निळा रंग नाकापासून निघाला आणि पाठीवरून शेपटीपर्यंत गेला. असा निळा हेमाबाईंनी कशावरच पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती त्यांनी पुसली नाही, कारण पुसताना बघायचं राहिलं असतं.

माकोनं शेपटी मारली. खोली पुन्हा लांबत सुटली. दार, ओसरी, जाळं सगळं मागे गेलं. शिक्का उंच धरलेले रेगे बोटाएवढे झाले. पायाखालच्या लाद्या पाण्यासारख्या सरकू लागल्या, आणि पुढे तो निळा ठिपका लहान होत चालला. तपासायचं एक काम राहिलं होतं. तळवा त्याच्या पाठीवरून फिरवायचा होता.

दादा तपासणीच्या टेबलावर चढून मागच्या कडेला उकिडवा बसला. त्यानं लाकडी पट्टी उचलली आणि सुकाणूसारखी मागे धरली.

"बस," तो म्हणाला.

"दादा, बाईमाणसान..."

"बस म्हणतंय."

हेमाबाईंनी निऱ्या वर खोचल्या आणि उजवा पाय टेबलाच्या काठावर ठेवला. टेबल हिंदकळलं.