पहिल्या नंबरावरचा अकरावा संघ

सात सामने झाले होते आणि सेकोंडी मरीनर्स फुटबॉल लीगमध्ये सगळ्यांच्या वर होते. पाच जिंकले, दोन बरोबरीत सुटले, हार एकही नाही. मागच्या वर्षी हाच संघ खालच्या विभागात घसरता घसरता कसाबसा वाचला होता. त्यामुळे यंदा गावाला काय करू आणि काय नको असं झालं होतं. बंदरावरच्या होड्यांना निळे-पांढरे झेंडे लागले होते, केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, विकणाऱ्या बायका डोक्याला निळे रुमाल बांधून बसत होत्या, आणि टॅक्सीवाले अनोळखी माणसाला हाका मारून मारून स्कोअर सांगत होते.

या सगळ्या आनंदात काळजी करत होती ती एकटी अराबा क्वानसा. अराबा क्लबची आकडेतज्ज्ञ. आधी ती मत्स्यखात्यात होती. बंदरावर किती मासळी उतरते आणि पुढच्या महिन्यात किती उतरेल, याचे अंदाज बांधायची. आता ती सामन्यांची चित्रफीत थांबवत थांबवत बघायची. कुणी कुठून शॉट मारला, समोर किती खेळाडू होते, आणि तसल्या जागेवरून मारलेला चेंडू एरवी किती वेळा गोलात जातो, यावरून कुठल्या संघाला खरं तर किती गोल मिळायला हवे होते ते काढायची. मरीनर्सनी सात सामन्यांत तीनच गोल खाल्ले होते. अराबाच्या हिशेबानं खायला हवे होते दहा. मधले सात गोल एबो हा गोलकीपर, गोलाचे खांब आणि परमेश्वर या तिघांनी मिळून अडवले होते.

शुक्रवारी तिनं हे कोच अमिसांना सांगितलं. कोच पन्नाशीचे, जाडजूड, बोलायला कमी.

"अराबा, आज आपण कितवे आहोत?" त्यांनी विचारलं.

"पहिले."

"मग झालं तर."

"पण कोच, खेळ बघितला तर आपण अकरावे आहोत. असंच खेळत राहिलो तर कधीतरी जोरात आपटणार."

कोच म्हणाले, "हे या खोलीच्या बाहेर जाता कामा नये."

आणि शनिवारी सकाळी अराबाला रेडिओवर बोलावणं होतं.

काही बोलायचं नाही असं ठरवूनच ती गेली होती. पण कार्यक्रम चालवणारा क्वामेना हेफोर्ड हा माणसाच्या पोटातलं काढून घेणारा होता. "सिस्टर अराबा, कप ठेवायला कपाट करायला टाकलं की नाही?" ती हसली आणि अजून खूप लवकर आहे म्हणाली. "ते राहू दे. तुझे आकडे काय म्हणतात ते सांग. आणि खोटं बोलू नकोस हं, चर्चमध्ये मी तुझ्या मागच्याच बाकावर असतो."

अराबाला बाकी सगळ्या गोष्टींत थोडंफार खोटं बोलता यायचं, आकड्यांत नाही यायचं. तिनं सांगून टाकलं. खेळ अकराव्या नंबराचा आहे, नशीब पहिल्या नंबराचं आहे आणि एबो नसता तर आज आपण रडत असतो.

क्वामेनानं घाईघाईनं श्रोत्यांचे फोन घ्यायचं ठरवलं. मग फोन वाजायला लागले. पहिल्यानं विचारलं, पलीकडच्या संघानं तुला किती दिले? दुसऱ्यानं प्रार्थना करून घ्यायचा सल्ला दिला. तिसऱ्या फोनवर बाईचा खणखणीत आवाज आला.

"हॅलो, मी बंदरावरून आंटी मन्सा बोलतेय. मासे धुरावर सुकवते मी. आणि ही जी शहाणी तुमच्यासमोर बसलीय ना, तिची आई."

"आई, रेडिओवर आहोत आपण," अराबा कळवळून म्हणाली.

"माहितेय मला! म्हणूनच फोन केलाय. धुरात डोळे जाळून तुला शिकवलं ते हे ऐकायला का गं? अकरावा म्हणे! घरी ये, मग बघते कोण अकरावं ते."

क्वामेना हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

रविवारी घरच्या मैदानावर मरीनर्स पुन्हा जिंकले. एक-शून्य. पाहुण्यांनी एकोणीस शॉट मारले, दोन आडव्या दांडीवर आदळले, एक तर एबोच्या नाकाला लागून बाहेर गेला. शेवटच्या मिनिटाला आपला गोल झाला तेव्हा अराबासुद्धा बाकावर चढून ओरडली. आकडे काही म्हणोत, पोटात तिच्याही मरीनर्सच होते. पण सामना संपल्यावर सगळं स्टेडियम तिच्याकडे वळून बोटं नाचवत ओरडायला लागलं, "अकरा! अकरा!" दोन हातांना दहाच बोटं, म्हणून शेजारचा एक बोट द्यायचा.

सोमवारी ती क्लबमधल्या आपल्या खोलीत मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात एबो आला, सुजलेलं नाक आणि हातात पानात बांधलेला गरम वाचे, म्हणजे चवळीचा भात, घेऊन.

"मॅडम, तुमच्यासाठी आणलाय. अंडं जास्त घातलंय."

"माझ्यासाठी का रे? तू पण चिडला असशील ना?"

"चिडू? मॅडम, अहो, रेडिओवर माझं नाव घेतलंत तुम्ही! गोल मारणाऱ्यांची गाणी होतात. माझ्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्यात, कुणी विचारलं का?" तो खुर्ची ओढून जवळ बसला. "मी अडवलेले ते गोल दाखवा ना मला. आणि खरं सांगू का, हे थांबवता आलं तर बघा. रोज रोज नाही जमायचं मला."

अराबानं चित्रफीत लावली. बघताना एबो स्वतःच्याच उड्यांवर खूश होऊन टाळ्या देत होता. दारात कोच येऊन उभे राहिलेत हे दोघांनाही कळलं नाही.

"मला डोळे नाहीत असं वाटतं का तुला?" कोच म्हणाले. अराबा दचकून उठली. "बस, बस. पहिल्या सामन्यापासून दिसतंय मला. डावीकडून फीफी पुढे पळतो आणि त्याच्या मागे मैदान मोकळं पडतं. पण मागच्या वर्षी ही पोरं मैदानात उतरायच्या आधीच हरलेली असायची. आता कुठं मान वर करून चालायला लागलीत. रेडिओवरचं त्यांनी हसण्यावारी नेलं, पण तुमचं सगळं नशीब आहे असं मीच सांगितलं की परत बसतील मान घालून. म्हणून गप्प होतो."

अराबा परत खुर्चीत बसली. तिच्या हिशेबात हे नव्हतंच. मान वर असण्याचा आकडा तिला काढता आला नसता.

"मग नशीब म्हणायचंच नाही," एबो म्हणाला. "माझा सत्कार करा."

"काय?"

"सगळ्यांना बोलवा आणि माझे बचाव दाखवा. एकामागोमाग एक, सगळेच्या सगळे."

कोच आधी एबोकडे, मग अराबाकडे बघायला लागले. त्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "बेरकी आहेस," ते म्हणाले.

मंगळवारी सराव संपल्यावर पोरं भिंतीसमोर मांड्या घालून बसली. अराबानं भिंतीवर एबोचे बचाव लावले. पहिल्या चार-पाचांना शिट्ट्या झाल्या. दहाव्याला कुणीतरी एबोला खांद्यावर उचललं. पंधराव्यानंतर शिट्ट्या कमी झाल्या आणि विसाव्यानंतर खोलीत नुसता पंख्याचा आवाज राहिला.

"थांबवा," मागून फीफी म्हणाला. तो डाव्या बाजूचा बचावपटू, संघातला सगळ्यात वेगानं पळणारा आणि सगळ्यात बडबड्या. "मॅडम, यात मी कुठंय?"

"तू यात नाहीस," अराबा म्हणाली.

"एकातही?"

"हा बघ आहेस. हा एवढासा ठिपका. त्यांच्या गोलापाशी."

सगळे खो खो हसले. फीफीही हसला, पण उठून भिंतीजवळ गेला आणि ती मोकळी जागा तळव्यानं झाकून बघायला लागला. "मी वर गेलो की मधल्या फळीतल्या कुणीतरी इथं यायला हवं," तो म्हणाला. "नाहीतर मी जायचंच नाही."

"जायचं," कोच म्हणाले. "तू गेलास म्हणून तर आपले चार गोल झालेत. फक्त एकट्यानं जायचं नाही, सांगून जायचं." आणि त्यांनी खडू उचलला.

त्यांच्या शेजारी उभं राहून अराबा कुठल्या मिनिटाला कुठं भगदाड पडतं ते दाखवत राहिली. दोनदा कोचनी तिचं चुकीचं ठरवलं, एकदा तिनं त्यांचं.

पुढचा सामना परगावी, ताक्वाला होता, आणि तो शून्य-शून्य सुटला. मरीनर्सचा पहिला नंबर गेला. सोबत आलेले पाठीराखे अंत्ययात्रेला आल्यासारखे गाड्यांत चढले. पण संघाच्या बसमध्ये अराबा आकड्यांवर पुन्हा पुन्हा नजर फिरवत होती आणि तिचा विश्वास बसत नव्हता. समोरच्यांना सगळ्या सामन्यात धड एक संधी मिळाली नव्हती. आपण मात्र चार सोप्या संधी वाया घालवल्या होत्या.

"मोसमातला सगळ्यात चांगला खेळ आहे हा," ती कोचना म्हणाली.

"आणि सगळ्यात वाईट निकाल," कोच म्हणाले. दोघांनाही हसू आवरेना.

"तुम्ही हसताय!" एबो मागून ओरडला. "मला आज कंटाळा आला तिथं. दोनदा चेंडू हातात आला सगळ्या सामन्यात. प्रेक्षकांतल्या एका बाईशी गप्पा मारत होतो मी, तिच्या मुलीचं लग्न ठरलंय."

वाटेत भाजलेली केळी आणि शेंगदाणे घ्यायला बस थांबली. टपरीवाल्यानं निळे शर्ट ओळखले. "दुसऱ्या नंबरावर गेलात, आणि खिदळताय कसले?"

"आता आम्ही खरोखरचे दुसरे आहोत," फीफी गालात केळं कोंबत म्हणाला. टपरीवाल्याला काही समजलं नाही, पण त्यानं मूठभर शेंगदाणे जास्त घातले.

मोसमभर संघ जिंकला, हरला, पुन्हा जिंकला. शेवटी मरीनर्स तिसरे आले. कप मिळाला नाही. पण मोसमाअखेर तिसरा नंबर गावातल्या तरुणांनी जन्मात पाहिला नव्हता, म्हणून सेकोंडीनं मिरवणूक काढली. बंदरापासून स्टेडियमपर्यंत ट्रकवर ढोल वाजत होते. फीफीनं अराबाला हात धरून वर ओढलं आणि ती नाचली. तिला नाचता येत नव्हतं, पण त्या दिवशी ते कुणी मोजत बसलं नाही.